न जाणवणारी थरथर

१२ जानेवारी

बूट मिळाले! राखाडी, जाड तळाचे, दिसायला अगदी सरकारी. आनंदीने एकदा पाहिले आणि नाक मुरडलं. मुरडू दे. लग्नात थोडेच घालायचेत!

सिमरोलच्या इंजिनियरिंग संस्थेतल्यांनी बनवलेत, माणसं डॉक्टरांनी निवडली, आणि भीती मोजायला मानसशास्त्रवाले आलेत. तीन खाती आणि मधोमध माझे दोन तळवे. या तळव्यांना साखरेने बधिर केलंय. दिवाळीच्या आधी सराफ्यातून घरी आलो तर एका पायात चप्पलच नव्हती. कुठे निसटली, पत्ता नाही. तेव्हा आनंदी पोट धरून हसली होती. मग महिन्याभरात बुद्धविहाराच्या पायरीवर सगळ्यांच्या देखत आडवा झालो, तेव्हा नाही हसली. तेव्हापासून घराबाहेर पाऊल टाकलं की तिचा हात माझ्या कोपराखाली.

श्रेया नावाची मुलगी आहे, सिमरोलला पीएचडी करते. तिने नीट समजावलं. तळात एक बारीक यंत्र आहे. ते थरथरतं, पण इतकं हळू की घालणाऱ्याला कळतच नाही. त्याने झोपलेल्या नसांना जमिनीची खबर जरा लवकर लागते, असा त्यांचा अंदाज. गंमत पुढे आहे — निम्म्या लोकांचे बूट चालू, निम्म्यांचे बंद! कोणाचे कुठले, हे तिलाही ठाऊक नाही. चार्जिंगला लावले की हिरवा दिवा दोन्हींचा लागतो. शेवटी दोन्हींची चाल ताडून पाहणार.

मला एकच हवं आहे. चौदा एप्रिलला महू. आजोबा तिथल्या छावणीत शिपाई होते, आणि बाबासाहेबांच्या जयंतीला मी लहानपणापासून तिथे जात आलो. दोन वर्षं झाली, साखरेच्या नावाखाली घरात बसून आहे. आनंदी विचारते, गर्दीत हात सुटला तर? म्हणूनच यंदा हात न धरता जायचंय. या बुटांत.

१३ जानेवारी

काही नाही. बूट म्हणजे बूट.

१८ जानेवारी

विहारात गेलो. दारात चपला-बुटांचा हा ढीग! आनंदीने आधीच माझ्या बुटांच्या मागच्या पट्टीत निळ्या दोऱ्याचे चार टाके घालून ठेवले होते. म्हणाली, तुम्ही दुसऱ्याचे घालून याल आणि तुम्हाला घरी येईपर्यंत कळणार नाही. चप्पल हरवणाऱ्या माणसाने यावर काय बोलावं!

पायरी उतरताना खाली बघूनच पाऊल टाकलं. तिचा हात होता.

२ फेब्रुवारी

तपासणी. चालवलं, उभं केलं, डोळे मिटायला लावले. मग अनुष्काने प्रश्न विचारले — ती मानसशास्त्रवाली. आंघोळ करताना पडायची भीती किती, जिना चढताना किती, गर्दीत किती. एक ते चार. मी सगळीकडे दोन सांगत होतो. आनंदी मागून म्हणाली, "चार लिहा हो मॅडम." अनुष्का हसली, पण लिहिलं माझंच. पुढची तपासणी आता एप्रिलात.

तिथे बाळकृष्णजी भेटले. मल्हारगंजचे. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात होते, हे पहिल्या पाच मिनिटांतच कळतं. स्वतः महसूल खात्यातून निवृत्त. बायको जाऊन तीन वर्षं झाली, मुलगा मानस बंगळूरला, घरात एकटेच. माझ्याच मापाचे राखाडी बूट घालून असे काही फिरत होते की मला हेवाच वाटला. "अश्वजितजी, अपने तो चालू हैं," म्हणाले. "शंभर टक्के. परवा राजवाड्यापर्यंत पैदल गेलो, भिया!"

म्हणजे माझे बंद. असो. कोणाचे तरी बंद असायला हवेतच.

११ फेब्रुवारी

बाळकृष्णजींकडे चहाला गेलो. आनंदी रिक्षाने सोडून पुढे बाजारात गेली. पोहे त्यांनी स्वतः केले होते, वर शेव-बडीशेप घालून, आणि उत्तम होते. सोबत जिलबी पण मागवली होती! दोन मधुमेहींनी एकेक तुकडा खाल्ला आणि एकमेकांना शपथ घातली. मी दूरसंचार खात्यातले किस्से सांगितले, त्यांनी महसूल खात्यातले. अजून दोन तास बसलो असतो.

निघताना ते आधी दारात गेले आणि माझे बूट सरळ करून ठेवले. नको नको म्हणत होतो. पाहुण्याला वाकू द्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत म्हणे.

१७ फेब्रुवारी

काहीतरी होतंय!

लालबागेत सकाळी फिरताना आनंदी बुटाची नाडी बांधायला थांबली, तिची. मी पुढे गेलो. मागे वळून पाहिलं तर चांगलं अंतर पडलं होतं. हात नव्हता! पाय नीट पडत होते!

२० फेब्रुवारी

पुन्हा. आज मुद्दामच पुढे गेलो. आनंदी मागून हाका मारत होती, पण आवाजात राग नव्हता.

४ मार्च

बूट चालू आहेत, यात आता शंका नाही. इतके दिवस यंत्राला वेळ लागला असेल. विहाराची पायरी उतरलो, खाली न बघता. घरी येऊन आनंदीला म्हटलं, महूची तयारी कर. संध्याकाळी ती माझा निळा सदरा इस्त्री करताना दिसली. अजून सव्वा महिना आहे. चुरगळणारच.

खूप दिवसांनी असं वाटलं की आपण म्हातारे झालोय ते ठीक आहे.

१२ मार्च

बाळकृष्णजी अधूनमधून लालबागेत दिसायचे, ते येईनासे झालेत. फोन केला. आवाज पडलेला. "जरा लडखडतोय," म्हणाले, "उन्हामुळे असेल." मार्चमधलं सकाळचं ऊन! मी त्यांना माझी पायरीची हकीकत रंगवून सांगितली. आता वाटतं, नसती सांगितली तरी चाललं असतं.

२२ मार्च

आनंदीने बूट पुसायला घेतले आणि विचारलं, टाके कुठे गेले?

कसले टाके? निळे. मागच्या पट्टीत. नाहीत. उसवल्याची खूणसुद्धा नाही, दोऱ्याची भोकं नाहीत.

हे बूट माझे नाहीत.

आठवत बसलो. विहारात फेब्रुवारीत सोबत शबनम पिशवी होती, बूट काढून तिच्यात घातले होते. बाकी दार एकच — मल्हारगंजचं. दोन राखाडी जोड शेजारी, माप एक, आणि बाळकृष्णजींनी सरळ करून ठेवलेला जोड मी डोळे झाकून पायात चढवला. दुसऱ्या कोणाला पहिल्याच पावलाला कळलं असतं. आम्हा दोघांच्या पायांना काय कळणार? डॉक्टरांनी नेमकी अशीच दोन माणसं निवडली होती!

मग हसू गेलं. मी हात सोडून चालू लागलो ते त्याच आठवड्यात. आणि ते लडखडू लागले तेही त्यानंतरच. दीड महिना मी बाळकृष्णजींच्या चालू बुटांत मिरवतोय, आणि ते माझ्या बंद बुटांत.

२३ मार्च

आनंदीचं म्हणणं, चौदा तारखेनंतर सांगा. "अहो, तीन हफ्ते की तो बात है," म्हणाली. "तुम्ही चोरले थोडेच? त्यांनीच दिले." आणि मग हळूच, "मला तुम्हाला तिथे चालताना बघायचंय."

आनंदीने आजवर कोणाची पेन्सिलही ठेवून घेतलेली नाही. ती असं म्हणते, म्हणजे तिलाही किती हवं आहे ते कळलं. मला तर हवंच आहे. ठरलं, चौदानंतर.

२७ मार्च

लालबागेत गेलो. छान चाललो. मजा आली नाही.

३० मार्च

बाळकृष्णजींना फोन केला, नुसती चौकशी म्हणून. बाथरूमच्या उंबऱ्यावर पडले होते. लागलं नाही फारसं. पण त्यांनी मानसला सांगून टाकलंय — ये आणि मला घेऊन जा. घराला कुलूप. "एकट्याने होत नाही आता," म्हणाले, तेही अगदी सहज, गॅस संपल्यासारखं.

फोन ठेवला आणि स्वतःची लाज वाटली. फार लाज वाटली.

३१ मार्च

सकाळीच मल्हारगंज. एकटा गेलो, आनंदीला सांगून. ती अडवेल वाटलं होतं. तिने बूट पुसून पिशवीत घातले आणि मला जुने काळे बूट दिले. म्हणाली, जा.

बाळकृष्णजी आरामखुर्चीत होते, गुडघ्याला पट्टी. दारात माझे बूट, मागे निळे टाके. मी पिशवीतला जोड त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं एका दमात सांगितलं. आठवड्यापूर्वीच कळलं होतं आणि तरी गप्प बसलो, हेही सांगितलं. ते नसतं सांगितलं तर चाललं असतं, पण मग आलो कशाला?

त्यांनी एक बूट उचलून उलटा करून पाहिला. शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "म्हणजे मी बिघडलो नव्हतो?"

नाही, म्हटलं. बूट बंद होते.

त्यांचे डोळे भरून आले. माझेही. मग म्हणाले, बूट तर मीच सरळ करून दिले होते! आणि हसले. चहा टाकायला उठले, तेही भिंत न धरता. आपले बूट परत मिळाले म्हणून की काय, पायात घालायच्या आधीच!

१ एप्रिल

श्रेयाला फोन करून कळवलं. आधी तिला एप्रिल फूल वाटलं. मग तिने तारखा लिहून घेतल्या. अभ्यासातून काढून टाकतील अशी भीती होती, पण बुटांत प्रत्येक पावलाची नोंद होते म्हणे, अदलाबदल कोणत्या दिवशी झाली ते काढता येईल. मार्गदर्शकांशी बोलते म्हणाली. "अंकलजी, इतनी मेहनत से ब्लाइंड किया था," एवढंच म्हणाली. ब्लाइंड म्हणजे कोणाचे चालू, कोणाचे बंद हे सगळ्यांपासून झाकून ठेवणं. वाईट वाटलं. मोठ्या कष्टाची मुलगी आहे.

९ एप्रिल

माझे बंद बूट घालून फिरतोय. आनंदी पुन्हा शेजारून चालते, पण हात धरत नाही. मी धर म्हणत नाही, ती धरू का विचारत नाही. विहाराच्या पायरीवर थांबलो, मग उतरलो. चौदाला जायचं की नाही, यावर दोघांपैकी कोणीच बोललेलं नाही.

१३ एप्रिल

आनंदीने निळा सदरा पुन्हा इस्त्री केला.

१४ एप्रिल

गेलो!

सकाळच्या बसने. महूत उतरल्यापासूनच गर्दी, ढोल, निळे झेंडे, पाण्याचे पेले हातात देणारी पोरं, भर उन्हात ओळीने बसलेली माणसं. आनंदी शेजारी. हात मागितला नाही, तिने दिला नाही. एकदा कोणाचा तरी धक्का लागला आणि मी गेलो असं वाटलं. पाय जमिनीवरच होता! कसा, मला विचारू नका.

स्मारकाच्या आत जाताना बूट काढावेच लागले. आनंदीने मोज्यांवर मोजे चढवले, कारण फरशी तापली तर मला कळणार नाही. बुटांशिवाय रांगेत उभा राहिलो, चाललो, पायरी चढलो, नमस्कार केला. आजोबांची आठवण आली. ते तिथे नेहमी ताठ उभे राहायचे, मीही राहिलो. बाहेर येऊन आनंदीकडे पाहिलं तर ती पदराने डोळे पुसत होती. ऊन लागलं म्हणाली.

बंद बुटांत कसं जमलं? चालू बुटांचा असर थोडा उरला असणार. श्रेयाला विचारायला हवं.

२६ एप्रिल

बाळकृष्णजी लालबागेत! स्वतःचे बूट, स्वतःची छाती पुढे. मानस आला होता म्हणे, दोन दिवस राहिला, वडील भराभरा चालताना पाहिले आणि एकटाच परत गेला. घराला कुलूप नाही. "अपने चालू हैं, भिया," पुन्हा सुरू झालंय. आता हेवा वाटत नाही. त्यांच्या बरोबरीने चालतो. माझे बंद आहेत हे विसरून जातो, दमलो की आठवतं.

आता रोज भेटायचं ठरलंय. आनंदी मागे राहून बाकावरच्या बायकांशी गप्पा मारते. तिचा हात मोकळा झाला, तर भाजीची पिशवी तरी घेता येईल म्हणाली.

१९ मे

बूट जमा केले. श्रेयाने आम्हा दोघांना समोर बसवलं. काळजी करू नका म्हणाली, तुमच्या अदलाबदलीने काहीही बिघडलं नाही. बाळकृष्णजींचा जोड बंद होता. माझाही बंद. दोन्ही, पहिल्या दिवसापासून.

बाळकृष्णजींनी जमा केलेला जोड उचलून पुन्हा खाली ठेवला. मग मला म्हणाले, "मानसला यातलं काही कळता कामा नये."

बाहेर आलो. रिक्षावाल्याने विचारलं, दोघांनीही नाही म्हटलं.