साडूच्या सायकलला ओवाळणी

॥ श्री ॥

मंचर,
२२ मे २००७

साडूभाऊ ज्ञानेश्वरराव यांस,
गोरखचा स. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. फोनच करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि दुकानात गिऱ्हाईक असतं, म्हणून कागद घेतला.

काल मामांच्या शेजारचा बहिरू तळेघरहून बाजाराला आला होता. त्यानं भर दुकानात सांगितलं, की तुमच्या धाकट्या साडूंनी गिअरच्या सायकलला बॅटरीची मोटर बसवली आणि धोंड्याच्या जेवणाला ते खाचरांच्या बांधांवरून उड्या मारीत आले. मामींनी म्हणे तुमच्याआधी सायकललाच ओवाळलं. मग मामा तुमच्या कॅरिअरवर बसून रानभर हिंडले आणि हसले.

मामा हसले! अहो, मी त्यांचा थोरला जावई. दर धोंड्याच्या महिन्याला जातो. ‘या गोरखराव, बसा गोरखराव,’ एवढं म्हणून ते छताकडं बघत बसतात. त्यांच्या भातगिरणीची मोटर जळाली तेव्हा मी रात्रंदिवस बसून वाइंडिंग करून दिलं, तेव्हाबी हसले न्हाईत. आणि तुम्ही एका सायकलवर त्यांना हसवलंत.

मंचरात मोटर म्हटलं की लोक माझं नाव घेतात. तुम्ही जुन्नरला लग्नाचे फोटो काढता. मोटरला हात लावण्याआधी या माणसाला एका शब्दानं विचारायची तरी पद्धत होती. आता गिऱ्हाईक मलाच विचारतं, की ती सायकल तुम्हीच करून दिली असेल ना? काय सांगू? पोटात दुखतंय, स्पष्ट लिहितो. तुमची इंद्रायणीताई म्हणते, ओवा खा.

सायकलची माहिती सविस्तर कळवावी. सोनलला आशीर्वाद. लोभ आहे, तूर्त जरा आटलाय. तो तुम्हीच भरून काढावा.

आपला,
गोरख

---

जुन्नर,
२६ मे २००७

ती. दाजींस,
ज्ञानेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून सोनल इतकी हसली की दूध उतू गेलं. दाजी, तुम्हाला विचारणारच होतो. पण विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, आण इकडं, मीच करतो, आणि माझी मजा गेली असती. खरं कारण एवढंच आहे.

सायकल पुण्याहून जुनी घेतली, जाड टायरची. मोटर एका मोडीत निघालेल्या बॅटरीच्या स्कूटरची. ती पायडलच्या वर बसवून मागच्या चाकाला दुसरी चेन दिली. आधी बॅटऱ्या कॅरिअरवर बांधल्या. बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट सध्या मोकळाच असतो, तिथं चढावर घातली तर पुढचं चाकच उचललं आणि मी पाठीवर आपटलो. मग दांड्याच्या मध्ये पेटी करून घेतली, वजन खाली आलं. आता घाट अशी चढते, की वर पोचल्यावर आपणच ओरडतो, ‘झाली!’ कामाची म्हणून नाही केली हो, दाजी. नुसती रानात हुंदडायला केली.

कंट्रोलरच्या डबीला मात्र झाकण घट्ट पाहिजे. पाणी गेलं की खेळ खलास. तळेघरला नेताना सायकल यष्टीच्या टपावर टाकली होती, तेव्हाही डबीला रबराची पट्टी गुंडाळली.

सोबत एक फोटो पाठवतोय. मामी ओवाळताहेत, सायकलच्या हँडलला कुंकू आहे आणि मी कोपऱ्यात अर्धाच आलोय. मलाही ओवाळलं नाही, हे बघून तरी तुमचं पोट दुखायचं थांबेल.

ताईंना नमस्कार. राग कमी आणि माया जास्त, अशी कृपा ठेवावी.

आपला,
ज्ञानेश्वर

---

मंचर,
५ जून २००७

ज्ञानेश्वरराव यांस, स. न. वि. वि.

फोटो मिळाला. इंद्रायणीनं तो देवाजवळ ठेवला, मी तिथून उचलून कपाटात टाकला.

माझी सायकल झाली. दुकान बंद ठेवून केली. तुमच्यापेक्षा मोठी मोटर आहे, बॅटरी एक जादा आणि वायरिंग असं की बघत राहावं. म्हणून डबीला झाकण लावलंच नाही. लोकांना काम दिसलं पाहिजे. तुमची ती रबराची पट्टी फोटोग्राफरला शोभते.

येत्या रविवारी टेम्पोत घालून तळेघरला आणतोय. तुमची घेऊन तुम्हीही या. मामांच्या खाचरापासून देवीच्या टेकडीपर्यंत, जो आधी पोचेल त्याच्या मागं मामा बसतील. मामींना निरोप धाडलाय, आरतीचं ताट मोठं काढा. नारळ मी आणतो. माझ्या हातची कुठलीही मोटर चालू होताना मी तिच्यावर नारळ फोडतो, आजवर एकही बंद पडलेली न्हाई.

हरलात तर रुसू नये, एवढीच प्रेमाची मागणी.

आपला,
गोरख

---

जुन्नर,
१३ जून २००७

ती. दाजींस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र नाही आणि तुम्ही फोन उचलत नाही. ताई म्हणतात, पुन्हा तळेघरची पायरी चढणार नाही अशी शपथ घेऊन तुम्ही दुकानातच झोपता. म्हणून लिहितोय.

मी तुम्हाला अडवायला हवं होतं. तुम्ही नारळ थेट मोटरवर आपटलात आणि पाणी उघड्या डबीत गेलं, हे मला दिसलं. पण माझ्या तोंडून शब्द निघेना, कारण मामींनी तुम्हाला दोनदा ओवाळलं होतं. एकदा सायकलसकट आणि एकदा तुम्हाला एकट्याला. दाजी, मलाही जळता येतं.

मग तुम्ही हँडलची मूठ पिळलीत, फट्‌ झालं, धूर निघाला, आणि अख्खी वाडी बघत असताना तुम्ही नव्या कपड्यांनिशी बांधावर बसलात. मी माझी बंद करून आलो, पण माझ्याआधी मामा पोचले. ते तुमच्या शेजारी मातीत बसले, खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, “गोरखा, माजी म्हस बी अशीच बसती. ऊठ, चा घेऊ.” आणि पोट धरून हसले.

तुम्हाला वाटलं, ते तुम्हाला हसले. तुम्ही हात झटकलात आणि धोंडे न खाता टेम्पोत बसलात. तुम्ही ऐकलं नाही, ते मी ऐकलं. ते ‘गोरखा’ म्हणाले. राव नाही, पावणं नाही. रात्री मी हे सोनलला सांगितलं. ती म्हणाली, बाबा अशी हाक फक्त आम्हा दोघी बहिणींना मारतात.

मला ते अजून ‘पावणं’ म्हणतात. माझ्या सायकलवर बसले, हसले, उतरल्यावर म्हणाले, बरंय पावणं. खांद्यावर हात नाही. दाजी, माझ्या सायकलला ओवाळणी मिळाली म्हणून तुमचं पोट दुखलं. आता माझं दुखतंय, आणि त्याला औषध नाही.

तुमच्या वाटणीचे धोंडे मामींनी डब्यात ठेवलेत. परवा अधिक महिना संपतो. सोबतचा फोटो मी त्याच क्षणी काढला होता. तुमचा चेहरा पडलेला आहे. तो बघू नका, मामांचा बघा.

आपल्या मायेत मलाही थोडी जागा असू द्यावी.

आपला,
ज्ञानेश्वर

---

(पोस्टकार्ड)

तळेघर,
१५ जून २००७

चि. ज्ञानेश्वर, अ. उ. आ.

सकाळच्या गाडीनं आलो. धोंडे खाल्ले, जरा कडक झालेत. दारात मामा म्हणाले, आलास का गोरखा. म्हस दाखवली, खरंच तशीच बसती.

फोटो मोठा करून पाठव, दुकानात लावायचाय. माझा पडलेला चेहरा कापू नको, मामांचा हात त्याच बाजूला आहे. तुझी सायकल घेऊन रविवारी ये. चढावर मी मागून ढकलतो, तू मामांना पुढं बसव.

तोवर पोटात दुखलंच तर ओवा खा. इंद्रायणीनं पुडी बांधून ठेवलीय.

तुझा,
गोरख