हिला काहीही चालतं

घाटकोपर, रविवार, मे १९८५

माझा वाढदिवस म्हणून आज सगळे उडप्याकडे गेलो. सासूबाईंनी इडली सांगितली, माझ्या राजूने मसाला डोसा. वेटर माझ्याकडे वळला तर हेच म्हणाले, “हिला काहीही चालतं.” म्हणजे राजूचं उष्टं. वाढदिवस कुणाचा? मला रवा डोसा हवा होता. मग तोंड का नाही उघडलं मी?

शेवटी आइस्क्रीम. माझी मिनी वाटभर आंब्याच्या आइस्क्रीमसाठी नाचत होती. ह्यांनी विचारलं, तर कार्टीने आधी माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “मला काहीही चालतं.”

“गुणाची गं माझी बाय!” सासूबाई म्हणाल्या. मिनी लाजून हसली.

मला बघायला आल्या होत्या, तेव्हा मलाही हेच म्हणाल्या होत्या. मीही अश्शीच हसले होते.