धवळ्याचं गाणं आणि माझं घर

पाट्या मांडीवर घेऊन सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, तो गजर मला अजून ऐकू येतो. त्यावरून माझी बुद्धी शाबूत आहे असं समजावं. मी गुरुसिद्धप्पा रेवणप्पा कोरे, निवृत्त मास्तर, राहणार जळकोट, कुणाच्या दडपणाखाली नसून, राजीखुशीनं ही शेवटची इच्छा लिहून ठेवतो.

१. माझं स्वकष्टार्जित घर, परडं आणि परड्यातला धवळ्या बैल हरणाबाईस द्यावा. ती माझा विद्यार्थी धोंडप्पा याची बायको. मागल्या खोलीत राहते. बैल मुळात त्यांचाच. धोंडप्पा रझाकारांच्या धामधुमीत नाहीसा झाला. तेव्हापासून गाव त्याला हुतात्मा म्हणतं.

२. स्मारक समितीला या घरातला कोनाडाही मिळू नये. त्यांचं म्हणणं, राष्ट्रकवी धोंडप्पा इथं वाढला, सबब घर राष्ट्राचं. राष्ट्रकवी! पोळ्याच्या दिवशी धवळ्या आजारी पडला, तेव्हा गोठ्यात बसून पोरानं गाणं केलं:

ऊठ धवळ्या, झटक माती,
तुझ्यावाचून रान पोरकं.

समितीला त्या बैलात देश दिसला. चिटणीस महारुद्र, जो परवापर्यंत निजामसरकारच्या वाढदिवसाला पेढे वाटायचा, त्याला मी म्हणालो, "अरे, हे बैलाचं गाणं हाय."

"मास्तर, तुमी गप बसा. देशाला कवी लागतो. त्यात मेलेला असला की लई सोयीचं. मागं बोलत न्हाय."

३. धोंडप्पाच्या पुतळ्याच्या समारंभात हरणाबाईनं बांगड्या फोडून व्यासपीठावर बसावं, असा समितीचा हुकूम. ती म्हणाली, "आधी मढं दावा." झालं! चुडा भरलेली बाई हुतात्म्याच्या घरात शोभत नाही, तिला बाहेर काढा, म्हणून हे शहाणे रोज माझा उंबरठा झिजवतात. मी गेल्यावर ते तिला एक दिवस राहू देणार नाहीत. म्हणून हा कागद. तिच्या चुड्याला कुणी हात लावू नये.

४. माझी कवितांची पुस्तकं शाळेला. छडी महारुद्राला; लहानपणी त्याला कमी पडली.

साक्षीदार: गोरोबा कुंभार, बिरदेव धनगर.
स्थळ जळकोट, ता. १२ फेब्रुवारी १९४९.
सही: गुरुसिद्धप्पा कोरे

पुरवणी. बिरदेव अंगठा उठवत असतानाच दार वाजलं. पुतळ्याच्या वर्गणीला समितीवालेच आले असतील म्हणून हरणाबाई तावातावानं उघडायला गेली, आणि नुसत्या तिच्या बांगड्या वाजल्या. दारात लंगडत धोंडप्पा उभा, खांद्यावर कोरं दावं.

"सोलापुरात पाय मोडून पडलो हुतो, मास्तर. धवळ्या हाय न्हवं?"

परड्यातून धवळ्यानंच हंबरून जबाब दिला. उद्या चौकात पुतळ्यावरची चादर काढायची आहे. महारुद्राला कळवावं, कवी आला आहे, हात धुऊन जेवायला बसतो आहे.