काठोकाठ भरलेली वाटी

अल्माटी, फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार

थोरल्या जाऊबाई बातिमाबाईंना धाकटीचा उंबऱ्याशी वाकून सलाम. तुमचे गुडघे काय म्हणतात? घोडी व्याली का? छपरावरचा बर्फ यंदा कोण उतरवतंय? आणि त्या नव्या दातांनी मांस चावता, की सासूबाईंच्या कर्णफुलांसारखे फडक्यात बांधून पेटीत जपून ठेवलेत? मी बरी आहे. मला काही धाड भरलेली नाही. फक्त या खोलीत तुमचं घोरणं ऐकू येत नाही, म्हणून झोप धड लागत नाही (वीस वर्षं त्या घोरण्याला नावं ठेवली, आता वाटतं कुणी डबीत भरून पाठवावं). फोन करायचा तर तुम्ही तो कानाला उलटा लावता आणि मग माझं बोलणं तुम्हाला सोडून सगळ्या गल्लीला ऐकू जातं. आणि मला जे विचारायचंय ते गल्लीला ऐकवण्यासारखं नाही. म्हणून कागद.

तुम्ही गावभर सांगता की आमची कुल्याश काचेच्या कंपनीत आहे. आहे खरी. सात मजले, बाराशे माणसं, सगळी सॉफ्टवेअर लिहितात. म्हणजे काय ते मला विचारू नका. मी पाचव्या मजल्यावर चहा देते. पण जाऊबाई, बाराशे माणसं आणि आवाज म्हणून नाही! आपल्याकडे बारा मेंढ्या असल्या तरी कान किटतात. इथे सगळ्यांच्या कानात बोंडं, डोळे पडद्यावर. शेजारी बसलेल्याला "खिडकी लाव रे" म्हणायचं असलं तरी पडद्यावर लिहून पाठवतात. रोज सकाळी दहाला सगळे गोल उभे राहून काल काय केलं ते सांगतात (उभं अशासाठी, की बसलं की माणूस गप्पा मारतो). त्यात कंपनीचा नियम, इथे कुणी थोर नाही, कुणी धाकटं नाही, सगळ्यांनी एकमेकांना नावानं हाक मारायची. आता बावीस वर्षांची पोरं, आईबापांनी वळण लावलेली. मला "ए कुल्याश" म्हणायला त्यांची जीभ रेटेना, आणि थोरल्या बहिणीसारखं "अपा" म्हणायला बंदी. मग त्यांनी मधला मार्ग काढला. हाकच मारेनात.

पण मीही तुमच्याच हाताखाली तयार झालेली. मी वाटी अर्धीच भरायची. अर्ध्या वाटीत काय होतंय? माणूस परत येतो. परत आला की मी विचारायचे, "आईचा फोन आला का?" तिसऱ्या वाटीला तो बसायचा. पाचवीला बोलायचा. एक येर्नार म्हणून दाढीवाला आहे, घाबरट, अंगानं उंटाएवढा. एकदा तोंड पाडून आला. म्हणाला, "अपा, चार दिवस झाले, एक चूक सापडत नाही." मी म्हटलं, "मेंढी हरवली की आपण काय करतो? शेवटची कुठं दिसली होती तिथून परत चालत ये आणि वाटेत काय काय दिसतं ते मला मोठ्यानं सांग." सांगता सांगता मधेच उठला आणि पळाला. सापडली! मला ओ की ठो कळलं नव्हतं. पण तेव्हापासून माझ्याकडे रांग लागायला लागली, चूक सांगायला आणि चहा प्यायला. दोन वर्षं असे बरे दिवस गेले.

मग आनंदाचं खातं आलं. हसू नका, खरंच आहे. माणसं खूश आहेत की नाहीत ते मोजायला अक्बोता नावाची एक गोड पोर नेमलीय. तिनं मोजून काढलं की पाचव्या मजल्यावरचा माणूस चहासाठी दिवसातून सात वेळा उठतो आणि इतर मजल्यांवरचा दोनदा. मला बोलावून चित्र दाखवलं, त्यात आमचा मजला डोंगरासारखा वर गेलेला. मला वाटलं बक्षीस देतायत. यंत्र दिलं. कळ दाबली की शेरभर पेला काठोकाठ भरतो. तो घेतला की पोरं जागेवर जातात आणि संध्याकाळपर्यंत तिथंच. मला ठेवलं ते यंत्र पुसायला. मी दिवसातून नऊ वेळा पुसते. इतकं तर मी तुमच्या दिरांचं तोंडही कधी पुसलं नव्हतं.

आता ऐका. कंपनीचा एक सण असतो, 'आपण सारे एक घर'. त्या दिवशी साहेब लोक नोकरांना वाढतात. आमचा सगळ्यात मोठा साहेब वाउटर, हॉलंडचा, खांबासारखा उंच, मनानं गरीब. त्यानं सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, आपली साधी वाटी घेतली, यंत्राखाली धरली आणि दोन्ही हातांनी, अगदी आदरानं माझ्यापुढे केली. काठोकाठ. वर चहा थरथरत होता.

दोनशे पोरं एकदम चिडीचूप. भरली वाटी म्हणजे "पी आणि वाटेला लाग", हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. येर्नारचा जबडा खाली आला. अक्बोता पांढरी पडली. पण साहेबाला चारचौघांत कोण टोकणार? सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. मी चहा तळापर्यंत प्यायले, पुरे म्हणून वाटी आडवी ठेवली, तोंडावरून हात फिरवून सगळ्यांना दुवा दिली, एप्रन काढला, यंत्राच्या तोटीला अडकवला आणि घरी आले.

तीन दिवस बसले. कणकेचे बाउरसाक तळले, परातभर. कुणी आलंच तर रिकामं ताट नको. कुणी घरच्या गाऊनात बघू नये म्हणून चांगला झगा घालून खिडकीशी. पहिल्या दिवशी खाली मीटर बघणारा आला, त्याला हाक मारून दहा बाउरसाक खाऊ घातले. दुसऱ्या दिवशी तोही नाही. जाऊबाई, परात मधे ठेवून एकटीनं खाणं किती अवघड असतं, तुम्हाला नाही कळायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी येर्नार. दारातच रडवेला. "अपा, सगळे तुमच्यासाठी हळहळतायत!" म्हणून त्यानं फोन दाखवला. 'कुल्याश अपा कुठे आहेत' असा एक कट्टाच काढला होता त्यांनी पडद्यावर. चारशे बारा जणांनी रडकी तोंडं टाकली होती, वर मोडकी काळजं. मी म्हटलं, "चारशे बारा जण रडतायत आणि जिना चढून आलास तू एकटा?" तर म्हणतो, "कोणी जायचं यावर तीन सभा झाल्या."

एकटा नव्हता म्हणा. वाउटर खाली गाडीत बसला होता, वर यायला तोंड नाही म्हणून. मी खिडकीतून ओरडले, "वर ये रे बाबा, गाडीत गोठशील!" तो आला, खोलीत मावेना. मी चहा दिला, आपल्या पद्धतीनं, अर्धी वाटी. त्यानं वाटीत डोकावून पाहिलं आणि येर्नारला कुजबुजत विचारलं, अजून रागावल्या आहेत का, चहा इतकाच दिलाय! येर्नारनं समजावलं तेव्हा कानापर्यंत लाल झाला. मग नऊ वाट्या प्याला आणि आपल्या आईबद्दल बोलला. ती एकटी असते. मी म्हटलं, "मग इथं काय बसलायस?"

मी परत कामावर गेले. आणि काय सांगू, साहेबानं हुकूम केला आणि पोरांनी दोन दिवस खपून यंत्र सुधारलं. आता ते अर्धाच पेला भरतं आणि पडद्यावर लिहून येतं, 'अजून थोडा घ्या ना'. पोरं सात सात वेळा उठतात. यंत्राकडे.

तुमचीच,
कुल्याश

ता. क. परातभर बाउरसाक येर्नारनं संपवले. त्याला तुमच्या हातचा वाळवल्या दह्याचा कुर्त फार आवडेल. बसवाल्याकडे एक पिशवी द्या, फार खारट नको.

ता. क. तुमच्यापासून काय लपवायचं. त्या बिचाऱ्या साहेबाला काही ठाऊक नाही हे मला वाटी हातात घेतानाच कळलं होतं. यंत्राला जेवढं येतं तेवढं त्यानं भरलं. पण मला बघायचं होतं, मी उठून गेले तर बोलवायला कोणी येतं का.

ता. क. आता खरं. तीन वर्षांपूर्वी ह्यांना जाऊन वर्ष झाल्याचं जेवण झालं आणि दुसऱ्या दिवशी मी इकडे यायला निघाले. तेव्हा फाटकाशी तुम्ही मला चहा दिलात. वाटी काठोकाठ होती. तुमचा हात थरथरला असेल, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगतेय. उत्तर लिहू नका, तुमचं अक्षर मला लागत नाही. नवरोजला येईन. मी खाली बघून बसेन, तुम्ही ओता.