तानिएलुशेजारची बैठक

माझ्या धाकट्या भावा मोसेस, थोरल्या बहिणीचे, फेतुआओचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? ऑकलंडच्या थंडीत लोकरीचे मोजे घालतोस, की अजून स्वतःला तरुणच समजतोस? इकडे देवदयेने सगळे बरे. डुकरीण व्यायली, नीरफणस लगडलाय, आणि आमच्या पाद्रीबाई लोसा मी सांगेन तसं हे लिहिताहेत (भुवया उडवू नकोस गं लोसा, आणि हेही लिही).

तर माझ्या एलिआने तिकडून बाग आखणारा माणूस पाठवला. आयुष्यभर मी दारापुढे क्रोटन लावले, दगडांना चुना फासला, आणि आता माती कुठे आहे ते दाखवायला तज्ज्ञ. एलिआला घर पर्यटकांना भाड्याने द्यायचंय आणि मला तुमच्याकडे न्यायचंय. मी विचारलं, मग मला पुरणार कुठे? म्हणाला, "आई, इथे स्मशानात आपल्या सगळ्यांची जागा घेऊन ठेवलीय. छान हिरवळ आहे, गाडी अगदी जवळ लावता येते." म्हणजे मी गाडीच्या सोयीने झोपायचं. मला इथेच अंगणात तुझ्या बापाशेजारी, तानिएलुशेजारीच ठेव म्हटलं, तर म्हणे, दारापुढे बाग होणार, जागा कुठे उरते?

तो माणूस, कॉलिन, शनिवारी आला. मला वाटलं कुदळ काढेल, पण तो नुसता बघत राहिला. सावली कुठून कुठे सरकते ते बघितलं, माती हुंगली, आणि मला विचारलं, दुपारी तुम्ही कुठे बसता? (हे मला तानिएलु गेल्यापासून कोणी विचारलेलं नाही.) मीही त्याच्या मागे मागे फिरले. माणूस मातीत काय हुंगतो, ते कळायला नको? मीही हुंगली. मातीचाच वास आला.

मग तो तानिएलुच्या थडग्यावर जाऊन बसला. त्यात वावगं काही नाही. आपण सगळेच बसतो, मी तर तिथे चटया वाळत घालते. पण निळ्या फरशीवरून हात फिरवत तो म्हणाला, फार सुंदर बैठक आहे, कोणी बांधली? नावाची पाटी मागच्या वादळात गेली, आणि वर पत्र्याचं छप्पर, त्याला बिचाऱ्याला काय कळणार? पाहुण्याच्या तोंडात घास असताना त्याची चूक काढायची नसते, म्हणून मी आणखी कोको ओतला. खरं सांगते, पुढे काय होतं याची मला उत्सुकताही होती.

रविवारी तो आपल्या चर्चमध्ये येऊन गेला. सोमवारपासून मात्र गवतावर बसायला लागला (फरशी टोचत असेल, या गोऱ्या पालागी लोकांची बैठक नाजूक). आणि त्याच दिवशी त्याने नकाशा पसरला. अक्षरं मला येत नाहीत, पण चित्र वाचता येतं. तानिएलुची चौकट होती तिथेच होती, आणि तिच्या शेजारी दुसरी, अगदी तशीच.

"ही कशाला?" मी विचारलं.

"एकटी बरी दिसत नाही," कॉलिन म्हणाला.

मी चर्चेत पडले नाही. तज्ज्ञाशी वाद घालणारी मी कोण?

तुला आणि तुझ्या घरच्यांना देव सुखी ठेवो. फेतुआओचा अंगठा.

ता. क. एलिआ नकाशा बघून तणतणत तुझ्याकडे येईल. तू त्याचा मामा आहेस, तुझं तो ऐकेल. त्याला सांग, तज्ज्ञ बोलावलाय तर तज्ज्ञाचं ऐकावं. नव्या फरशीखालचं सिमेंट वाळेपर्यंत त्याला तिकडेच धरून ठेव. आणि घाबरू नकोस, माझी तब्येत ठणठणीत आहे. मला फक्त आधी बघून ठेवायचंय.

ता. क. २. दुसरी बैठक किती लांब हवी, असं कॉलिनने विचारलं. मी तिथेच गवतावर आडवी झाले. त्याने खडूची रेघ ओढली आणि म्हणाला, पाय पसरायला थोडी जास्त ठेवू. मध्ये जास्वंदीची दाट रांग घालायला मी सांगितलंय, तानिएलु घोरायचा.

ता. क. ३. (हे मावशींनी सांगितलेलं नाही, मी लोसा आपलं आपण लिहिते आहे.) रविवारी प्रार्थनेनंतर कॉलिनने मला बाजूला घेऊन विचारलं, त्या निळ्या फरशीखाली कोण आहे? मी सांगितलं. तो म्हणाला, मावशींना सांगू नका मला कळलंय ते. दुसरी चौकट त्याने त्यानंतर काढली.