क्लच दाबला तरी गाडी पुढंच

११ जाने., रविवार
ह्यांची मोटरसायकल जोडून झाली. एकही बोल्ट उरला नाही, म्हणून आधी खूश. क्लचप्लेटा नव्या, केबल जुनीच. किक मारली, पहिल्या दणक्यात चालू. सासूबाई ओट्यावर वांगी निवडत होत्या, त्यांनी तिथूनच हात जोडले. मग क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला आणि गाडी निघालीच! मेथीच्या जुड्यांची पाटी आडवी करून तुळशीपाशी बंद पडली.
"दाब न माय तो क्लच!"
"सोडला नाई आई, दाबूनच हाय! तरी पळून राह्यली!"
मेथी गोळा करता करता दोघी हसून दमलो. चार वेळा करून पाहिलं, तेच. चालू गाडीत न्यूट्रलही लागत नाही. ज्या व्हिडिओवरून खोलली, त्यातल्या पोराचं तर सगळं नीट झालतं.

१२, सोम.
बसनं ड्यूटी. भाजीच्या दोन थैल्या, आई, मी आणि अर्धं पवनार एकाच दारातून चढलो. आईंना बाजारात भाजी विकायला सोडून सेवाग्रामला लॅबमध्ये पोचेपर्यंत रक्त तपासायला आलेल्यांची रांग बाहेर. लॅबच्या मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं.
दुपारी ह्यांचा पुण्याहून फोन. नवीन प्लेटांचं सांगितलं, सरकण्याचं सांगितलं. आधी भरपूर हसले. मग, "काऊन इतकं डोक्शाले लावून घेतं? विलास मांगून राह्यला गाडी. देऊन टाकू त्याले. तू स्कूटी घेजो."
विलासभाऊ म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ. गाडी नेहमी दुसऱ्याची आवडते त्याला.
स्कूटीवर आई, दोन थैल्या अन् वांग्याचं पोतं कसं बसवायचं, ते नाही सांगितलं. मी म्हटलं, "पाहू." फोन ठेवल्यावर राग आला. गेल्या पावसाळ्यात वाडीच्या बांधावर पडत-झडत शिकले ही गाडी, चाळिशीत. तेव्हा हे तिकडेच होते.

१३, मंगळ.
ड्यूटीवरून आल्यावर केबल ताणली. लिव्हरला जरा पण ढील ठेवली नाही. सरकणं कमी झालं, पण नाक्यापर्यंत गेले तर उलटंच. इंजिन नुसतं ओरडते, गाडी ओढत नाही. म्हणजे क्लच पूर्ण सुटतही नाही आणि धरतही नाही. ज्या स्लिपपायी प्लेटा बदलल्या तीच परत. केबल पुन्हा ढिली केली.
वर्ध्याच्या मिस्त्रीला फोन केला.
"ताई, प्लेटा बसवायच्या आधी ऑईलमध्ये ठेवल्या होत्या?"
"ठेवायच्या असतात?"
"कोरड्या टाकल्या!" तिकडे कोणाला तरी सांगून हसत होता, ऐकू आलं. "गाडी इकडे टाका, मी पाहतो."
नाही टाकणार.

१४, बुध. संक्रांत
सुटी. सकाळीच गाडी डाव्या अंगाला कलती करून कव्हर उघडलं. प्लेटा जुन्या परातीत, वर इंजिन ऑईल. भिजत ठेवून पुरणाला लागले. नखं काही केल्या पांढरी होईनात. डिटर्जंट, लिंबू, राख, सगळं झालं.
संध्याकाळी हळदीकुंकवाला बाया आल्या. शेजारच्या शोभाकाकूंनी हात पाहिला. "मेंदी काढली का गं?" आई म्हणे, "मेंदी नाई, क्लच काढला तिनं." मग काय, तिळगूळ राहिला बाजूला, सगळ्या परातीभोवती. एकीनं विचारलं, ह्या अनारशासारख्या दिसतात त्या काय? घ्या म्हटलं एक.

१५, गुरु.
ड्यूटीच्या आधी जोडून टाकली. फरक आहे! थंड असताना न्यूट्रल लागते. आईंना घेऊन बाजारापर्यंत मजेत. पण सेवाग्रामच्या वळणापर्यंत इंजिन तापलं की पुन्हा तेच. क्लच दाबून उभी, तर गाडी बैलासारखी पुढं ओढते. ब्रेक धरून ठेवला तर बंद पडते. हॉस्पिटलच्या गेटमधून ढकलतच नेली. वॉचमन म्हणे, "मॅडम, पेट्रोल संपलं का?" हो म्हटलं. कोण समजावून सांगेल.

१६, शुक्र.
विलासभाऊचा फोन. "वयनी, बिघडलीच हाय त राहू द्या, रविवारी मी तशीच नेतो. माह्या ओळखीचा मिस्त्री हाय." किती गोड आवाज! रविवारी कामं आहेत, असं काहीतरी पुटपुटले.
काही सुचत नाही आज. केबल झाली, ऑईल झालं. आणखी काय राहिलं—

१८, रवि.
सापडलं. सापडलं!!
परत सगळं काढलं. नव्या प्लेटा ठीक. त्यांच्या मधल्या पातळ स्टीलच्या प्लेटा मी जुन्याच टाकल्या होत्या. चकचकीत, सरळ दिसतात, म्हणून लक्षच नाही. सपाट आहेत का पाहायला सपाट काही पाहिजे. फरशी उंचसखल. मग भिंतीवरचा लग्नाचा मोठा फोटो उतरवून टेबलावर आडवा ठेवला, काच वर. एकेक प्लेट त्यावर.
तिसरी डगडग वाजली. एका बाजूनं दाबली की दुसरी उचलते. खालून उजेड दिसतो. स्लिप होत होती तेव्हा तापून वाकली असणार. जुन्या प्लेटा झिजून पातळ झालेल्या, तेव्हा तिला जागा होती. नव्या जाड आल्या आणि जागा संपली. म्हणून क्लच दाबला तरी ती घासत राहते. इतकं साधं.
आई चहा घेऊन आल्या. "हे काय वो? लगनाच्या फोटोवर काय चालवलं?"
"पाहा न, तुमच्या पोराच्या तोंडावर कशी डुगडुगते."
त्यांनी स्वतः दाबून पाहिली. दोनदा. मग म्हणाल्या, "फोटो पुसून ठेवजो."

२०, मंगळ.
स्टील प्लेटांचा अख्खा सेट घेतला. दुकानदार एकच प्लेट सुटी देईना, बरंच झालं. ड्यूटीवरून आल्यावर बसवला. ह्या वेळी प्लेटा आधी भिजवून, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत. केबलला चिमूटभर ढील. किक. क्लच. पहिला गिअर.
उभी! जागच्या जागी फुरफुरत उभी. क्लच हळू सोडला तशी लोण्यासारखी निघाली.
आई मागे बसल्याच. "चाल नदीपर्यंत." धामवर जाऊन आलो. पुलाच्या चढावर एकदाही ओरडली नाही. (गाडी. आई ओरडल्या, "जोरात घे!")

२२, गुरु.
विलासभाऊ स्वतः हजर. न सांगता. चक्कर मारतो म्हणे. नाही कशी म्हणणार? बराच वेळ आला नाही. आला तो खुशीत, किल्ली हातातच. "वयनी, मिस्त्रीले बी जमलं नसतं असं. आता त मी घेतोच. दादाशी बोलणं झालं माह्यं."
ज्या तोंडानं कौतुक, त्याच तोंडानं घात.
आईंनी हात पुढे केला. "किल्ली दे बापू, मले सकाळी बाजार हाय." दिली त्यानं. गेला तेव्हा हसतच होता, म्हणजे सोडणार नाही.

२३, शुक्र.
ह्यांचा फोन, डब्याच्या सुटीत. मी भांडायच्या तयारीत. पण पहिला प्रश्न हाच, "स्टीलची प्लेट वाकली हाय हे कसं ओळखलं?"
सांगितलं. फोटोचं ऐकून हसले. मग एकेक विचारत गेले. किती डुगडुगत होती, गरम झाल्यावरच काऊन, बोल्ट कसे आवळले. मी पण सांगत गेले. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला इतके प्रश्न विचारले नसतील. सुटी संपली तरी बोलतच होते.
विलासचं नाव ना त्यांनी काढलं, ना मी.
शेवटी म्हणाले, पुढच्या शनिवारी येतो. ठेवला फोन. लगेच विलासभाऊचा मेसेज. तो पण त्याच शनिवारी येतो म्हणे, गाडी नावावर करायची कागदं घेऊन.