माझ्याच घरात पाहुणा

६ जानेवारी
आज पुन्हा! विजयमालेला आंघोळ घातली, वेणी घातली, दुधात भाकरी कुस्करून भरवली. तोंड पुसायला गेलो तर डोक्यावर पदर घेऊन म्हणते — "पाव्हणं, तुमी कवा आलासा?"
बेचाळीस वर्षांचा संसार. आणि मी पाहुणा!
दुपारी माझा धाकटा भाऊ मानसिंग आला. तो चपला काढतोय तोवरच हिचा चेहरा खुलला — "भावजी, डहाळा आणला का?" त्यानं आणला होताच. दोघं हरभऱ्याचे घाटे सोलत, हसत बसली. मी तिच्या ओल्या चादरी वाळत घालत होतो.

८ जानेवारी
मानसिंगचा राग येतो. सख्खा भाऊ, कधी वाकड्यात शिरला नाही — तरी येतो. सगळं मी काढायचं, आणि हा अर्धा तास बसून भाव खाऊन जातो! सांगलीचे डॉक्टर म्हणतात, आजारच विसरण्याचा आहे, मनाला लावून घेऊ नका. मग त्याला कशी विसरत नाही?

९ जानेवारी
पाच दिवस दाढी नाही. फौजेत असतो तर सुभेदारानं सोलून काढलं असतं.

११ जानेवारी
लेकीचा फोन. "अण्णा, आवाज का असा? जेवता न्हवं?" जेवतो म्हणालो. खोटं. क्रांतीला काय सांगू? भूक मेलीय. सकाळी उठावंसंच वाटत नाही. विजयमाला उठते म्हणून उठतो. परवा नळ सोडून त्याच्या आवाजात रडलो. येणारा प्रत्येक जण तिचीच तब्येत विचारतो — मला त्याचाही हेवा वाटतो. लाजिरवाणं आहे, पण वाटतो.

१२ जानेवारी
मानसिंगला दारातच अडवलं. थोडे दिवस येऊ नको म्हणालो.
"दादा, माझं काय चुकलं का?"
"न्हाई. तिला माझी सवय लागू दे."
कट्ट्यावर डहाळ्याची पिशवी ठेवून गेला. ती संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसली. घास घेतला नाही. मी ओरडलो — "मी न्हाई का हितं?" घाबरली बिचारी.

१४ जानेवारी
संक्रांत. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट, फौजेतली ट्रंक हातात. मागच्या दारानं बाहेर पडून पुढच्या दारानं आत आलो, जम्मूहून सुट्टीवर यायचो तसा! छाती धडधडत होती — म्हातारा झालो तरी!
तिनं तांब्या भरून पाणी दिलं. तिळगूळही दिला. "बसा, पाव्हणं. मालक न्हाईत. फौजेत असत्यात."

१५ जानेवारी
आज धीर करून विचारलं, मालक दिसायला कसे आहेत?
तिनं दाराकडे बघून घेतलं. मग हळूच — "खरं सांगू का पाव्हणं? ते वरसानं यायचं. दारात हुबं ऱ्हायलं की मला वळकूच यायचं न्हाईत. भावजी कानात सांगायचं — वयनी, दादा आलाय. कुणाला सांगितलं न्हाई कवा. लाज वाटायची."
तेव्हा तर तिला कुठला आजार नव्हता.
मानसिंगला फोन केला. म्हणालो, ये. आणि मी कोण ते तिला सांग.